सिलॅबसमधून गळलेला आठवडा : ज्यूद्वेष, कॅम्पस आणि आमच्यासारखे व्हिसावाले

काठावरचा (धागाकर्ता)

ऑगस्ट २०२५ मध्ये, सेमिस्टर सुरू व्हायच्या चार दिवस आधी, मी माझ्या सिलॅबसमधला सहावा आठवडा उडवला. कोणी सांगितलं नव्हतं. ईमेल नाही, फोन नाही, विभागप्रमुखांनी बोलावून दार लोटून घेतलं असंही नाही. रात्री अकराला फाइल उघडली, ‘१९४८ : दोन आठवणी’ ही ओळ पुसली आणि तिथे ‘मिडटर्मची उजळणी’ असं टाकलं. झोप मात्र दोनपर्यंत आली नाही.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात (नाव विचारू नका) निर्वासित आणि नागरिकत्व हा विषय शिकवतो. वर्षावर्षाचा करार, एच-वन-बी व्हिसा. पाचव्या आठवड्यात फाळणी असते. तिला लागूनच सहावा. त्यात एकीकडे १९४८ मध्ये घरदार सुटलेले सात लाख पॅलेस्टिनी, दुसरीकडे १९५०-५१ मध्ये इराक सोडून निघालेले सव्वा लाखाच्या आसपास ज्यू. दोन्ही बाजूंचं वाचन सारख्याच पानांचं. मी पानं मोजून देतो, कारण मोजणारे विद्यार्थी असतात.

मग उडवला का? जुलैत कोलंबिया विद्यापीठाने सरकारशी तडजोड केली. तीन वर्षांत २० कोटी डॉलर, वर आणखी २.१ कोटी. मार्चमध्ये ४० कोटींची संशोधन अनुदानं रोखली होती, ती सोडवायला. त्याच महिन्यात त्यांनी ज्यूद्वेषाची ‘आयएचआरए’ (होलोकॉस्टच्या स्मृतीसाठीची आंतरराष्ट्रीय संघटना) व्याख्या आपल्या शिस्तीच्या कारवाईत आणली. लगेच ऑगस्टमध्ये तिथले इतिहासकार रशीद खालिदींनी जाहीर पत्र लिहून आधुनिक मध्यपूर्वेच्या इतिहासाचा कोर्स रद्द केला, या व्याख्येखाली हा इतिहास शिकवताच येणार नाही म्हणून. बरं, त्यांचं सोडा, ते पॅलेस्टिनी बाजूचेच, असं कोणी म्हणेल. पण तिथल्याच मारियान हिर्श म्हणाल्या की आपल्याला शिकवणं सोडावं लागेल असं वाटतंय. होलोकॉस्टच्या स्मृतीवर त्यांनी आयुष्यभर काम केलंय, आईवडील त्या संहारातून वाचलेले. त्यांची अडचण काय, तर हॅना आरेण्ट यांचं आइकमन खटल्यावरचं पुस्तक त्या वर्गात वाचून घेतात आणि त्यात इस्रायलवर टीका आहे.

ज्यू विदुषीने लिहिलेलं, नाझी अधिकाऱ्याच्या खटल्यावरचं पुस्तक, ज्यू प्राध्यापिकेला, ज्यूद्वेषविरोधी नियमामुळे शिकवायची भीती वाटते. हे वाचलं आणि मी फाइल उघडली. त्यांची नोकरी करून झाली आहे. माझी नाही.

आता दुसरं, म्हणजे मी एकाच बाजूचं सांगतोय असं वाटू नये. २०२४ च्या वसंतात कॅम्पसवर गाझा युद्धाविरुद्धच्या आंदोलनाचे तंबू पडले तेव्हा माझ्या वर्गात एक पोरगा होता. मे महिना, बाहेर तीस डिग्री, आणि हा डोक्यावर विणलेली लोकरीची टोपी घालून बसलेला. कपाळावरून घाम. एकदा टोपी सरकली तेव्हा खालचा किप्पा (ज्यू पुरुषांची छोटी गोल टोपी) दिसला. मी काही बोललो नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टोपी परत खाली ओढली. दोन बाकं मागे जॉर्डनहून आलेली मुलगी. ती तोंडी काही बोलेनाशी झाली होती, निबंध द्यायची पण वरचं नाव खोडून फक्त रोल नंबर. आंदोलनातल्या पोरांचे फोटो, नावं लावलेले ट्रक बाकीच्या कॅम्पसवर फिरत होते, ते तिने पाहिलं होतं.

या दोघांना मी तेव्हा एकाच वर्गात सहावा आठवडा शिकवला होता. आरडाओरड झाली नाही. फार बोललंही नाही कोणी, पण वर्ग संपल्यावर कोणी चटकन उठलं नाही.

तुम्ही असतात तर काय केलं असतं?

तांबडा_रस्सा

रुमाल टाकून ठेवतो. जेवून येतो.

हिशोबतपासनीस

तुमचा आठवडा गेला याचं वाईट वाटलं, पण तुमच्या विद्यापीठांनी हे स्वतःच्या हाताने ओढवून घेतलंय. ५ डिसेंबर २०२३ ची अमेरिकी संसदेतली सुनावणी आठवा. हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटी, तिघींच्या अध्यक्षा समोर. खासदार एलिस स्टेफानिक यांनी विचारलं, ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं तुमच्या आचारसंहितेत बसतं का. उत्तर काय? संदर्भावर अवलंबून आहे! हाच प्रश्न दुसऱ्या कुठल्या समाजाबद्दल असता तर संदर्भ आठवला असता? याच विद्यापीठांनी दहा वर्षं विद्यार्थ्यांना एका शब्दाने इजा होते म्हणून कार्यशाळा घेतल्या. ज्यू पोरांची पाळी आल्यावर एकदम अभिव्यक्ती स्वातंत्र्य.

आणि कायद्याचं म्हणाल तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण स्पष्ट आहे. सरकारी पैसा घेता ना, मग वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ यावरून भेदभाव खपवून घ्यायचा नाही. त्यात ‘धर्म’ हा शब्द नाही, म्हणून ज्यू बरीच वर्षं बाहेर राहिले होते. २००४ पासून ‘समान वंशपरंपरा’ या नात्याने त्यांना आत घेतलं. जे इतरांना ते त्यांना. यात कसली गळचेपी?

कॉर्नेलमध्ये ऑक्टोबर २०२३ ला एका विद्यार्थ्याने ज्यू मुलांच्या कोशर (ज्यू धर्मनियमांप्रमाणे रांधणाऱ्या) जेवणघरात गोळ्या घालीन अशी धमकी टाकली होती. २१ महिने शिक्षा झाली त्याला. टोपी ओढून बसणाऱ्या पोराचे भास नव्हते ते.

काठावरचा

भास होते असं मी कुठे म्हटलं?

सुनावणीबद्दल : त्यांची उत्तरं कायद्याने बरोबर होती आणि माणूस म्हणून भयाण. दोन्ही. वकिलांनी घोटवून पाठवलेली माणसं तशीच बोलतात. पेनच्या मॅगिल चार दिवसांत गेल्या. हार्वर्डच्या गे २ जानेवारी २०२४ ला, त्यात वाङ्मयचौर्याचे आरोप मिसळले. तुमचा दुटप्पीपणाचा मुद्दाही मान्य. शब्दांना शिक्षा करायची सवय कॅम्पसनेच लावली, आता छडी दुसऱ्याच्या हातात गेली.

पण सहाव्या प्रकरणाचं असं आहे की त्याची ठरलेली वाट आहे. तक्रार, चौकशी, सुनावणी, दुरुस्तीची संधी, आणि शेवटी अगदीच ऐकलं नाही तर त्या कार्यक्रमापुरता पैसा बंद. इथे आधी पैसा बंद झाला. तोही कुठला? कॅन्सर, अल्झायमर यांवरच्या संशोधनाचा. प्रयोगशाळेतल्या उंदरांनी कोणाला घोषणा दिल्या होत्या?

जुनी_वही

विषय निघालाच आहे तर थोडं मागे जाते. लांबण लागेल, कंटाळा आला तर पुढे जा.

अमेरिकेतल्या कॅम्पसवरचा ज्यूद्वेष २०२३ चा नाही. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना काळजी पडली की ज्यू विद्यार्थी एक पंचमांशाच्या वर गेले. उघड कोटा लावायचा बेत फसला, मग आडून लावला. अर्जात नवा प्रश्न आला : जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का? आपल्याकडे आडनाव विचारून जात काढतात ना, अगदी तस्सं. पुढे फोटो, मुलाखत, ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’. आज ज्याला सर्वांगीण मूल्यमापन म्हणून मिरवतात त्याचं मूळ हे आहे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनला कोलंबियाने घेतलं नाही ते याच कोट्यापायी, म्हणून तो एमआयटीला गेला. कोलंबियाने ब्रुकलिनमध्ये एक वेगळं कॉलेजच काढलं होतं, सेथ लो नावाचं, तिथे बहुतेक ज्यू पोरं वळवायची. विज्ञानकथाकार आयझॅक आसिमोव्ह त्यातलाच.

हे सगळं करणारे लोक झुंडीने आले नव्हते. ती प्रवेश समिती होती, टाय लावून बसलेली.

आणि जर्मनीतलं गॉटिंगेन विद्यापीठ. एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू प्राध्यापकांना काढलं. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्रांक यांना पहिल्या महायुद्धात लढल्यामुळे सूट होती. त्यांनी सूट नाकारून निषेधाचा राजीनामा दिला. तर त्यांच्याच विद्यापीठातल्या ४२ सहकाऱ्यांनी पत्रक काढलं. फ्रांकच्या बाजूने नव्हे! या राजीनाम्याने देशाच्या शत्रूंना आयतं कोलीत मिळालं, म्हणून त्यांच्या विरुद्ध. बेचाळीस शिकलेली माणसं. त्यांतल्या किती जणांवर कोणी सक्ती केली असेल? काठावरचा, तुमच्या रात्री अकराच्या डिलीटवरून मला हे आठवलं, टोमणा नाही.

त्यात काढलेले भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न १९३५-३६ मध्ये बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत आले होते, रामन यांनी बोलावलं म्हणून. रामन यांची इच्छा होती की त्यांना कायम ठेवावं. सभेत एक इंग्रज प्राध्यापक उठून म्हणाला की स्वतःच्या देशातून हाकललेला दुय्यम दर्जाचा परदेशी आम्हाला पुरेसा नाही. बॉर्न समोर बसलेले. घरी गेल्यावर ते रडले, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे एडिंबरा, पुढे नोबेल. आपलं काय गेलं ते गेलंच.

चहाटळ

गॉटिंगेनची तुलना इथे केली म्हणजे आयएचआरएच्या एका कलमाचा भंग झाला की नाही? ह.घ्या.

बाकी आमच्या हेडमास्तरांना आम्ही ‘हिटलर’ म्हणायचो, आणि ते कौतुक होतं. स्टेशनवरच्या बुकस्टॉलला अजूनही त्याचं आत्मचरित्र व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी असतं. आपल्याला या विषयात शहाणपण सांगायचा कितपत अधिकार आहे कोण जाणे.

आणि पवई विसरू नका. नोव्हेंबर २०२३, आयआयटीच्या एका कोर्समध्ये पॅलेस्टाइनवरचा माहितीपट आणि पाहुण्यांचं भाषण. लगेच पोलिसांत तक्रार, गेटवर घोषणा. तिथे कुठला ज्यू विद्यार्थी घाबरलेला होता?

लीड्सचा_पाऊस

इकडचं, इंग्लंडचं, एक सांगतो. ब्रिस्टल विद्यापीठाने डेव्हिड मिलर या प्राध्यापकाला २०२१ मध्ये काढलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने निकाल दिला की झायोनिझम (ज्यूंचं स्वतंत्र राज्य हवं ही विचारसरणी) मुळातच वंशवादी आहे ही त्यांची श्रद्धा कायद्याने संरक्षित आहे, काढणं चुकीचं. पण भरपाई निम्म्याने कापली. कारण त्यांनी विद्यापीठातल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या संघटनेला इस्रायलच्या हातातलं प्यादं ठरवलं होतं. मला हा निकाल आवडला. राज्यावर, विचारसरणीवर काय वाट्टेल ते बोला. समोर बसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला त्या राज्याचा हस्तक ठरवू नका. रेघ इथे आहे, आणि ती दिसते. न दिसल्याचं सोंग करणारे दोन्हीकडे आहेत.

हिशोबतपासनीस

लीड्सचा_पाऊस, मग आयएचआरए वेगळं काय म्हणते? त्यात लिहिलंय की इतर देशांवर करतो तशी इस्रायलवर टीका केली तर तो ज्यूद्वेष नाही. लोक व्याख्या न वाचता बोंबलतात.

काठावरचा

मी वाचलीय, तीसेक वेळा. मूळ व्याख्या दोन वाक्यांची, गुळगुळीत. खाली ११ उदाहरणं, त्यांतली ७ इस्रायलशी संबंधित. काही बिनवादाची : इस्रायलच्या कृत्यांसाठी सगळ्या ज्यूंना जबाबदार धरणं. ते चूकच. पण एक आहे, इस्रायलच्या आजच्या धोरणाची नाझींशी तुलना. आणि एक, इस्रायलचं अस्तित्व हा वंशवादी उपद्व्याप आहे असं म्हणणं. आता माझ्या वर्गात एखादी मुलगी ‘माझ्या आजोबांचं गाव ज्या राज्याने रिकामं केलं ते राज्य मुळातच अन्यायावर उभं आहे’ असं म्हणाली, तर ते यात बसतं का? एक वकील हो म्हणेल, एक नाही. आणि ते दोघे भांडत असताना मी निलंबित.

गंमत म्हणजे ज्याने हा मसुदा लिहिला तो केनेथ स्टर्नच ओरडून सांगतोय. २००४-०५ मध्ये युरोपातल्या घटनांची मोजदाद करणाऱ्यांसाठी हे लिहिलं. प्रत्येक देशाने वेगळं मोजलं तर आकडे जुळायचे कसे, म्हणून. तो स्वतः ज्यू आणि झायोनिस्ट. २०१७ मध्ये अमेरिकी संसदेत जाऊन त्याने सांगितलं की हे कॅम्पसच्या बोलण्यावर कायदा म्हणून लावू नका. २०१९ च्या डिसेंबरात ट्रम्पच्या आदेशाने नेमकं तेच झालं, मग परत लेख लिहिला. गावच्या तलाठ्याने पिकांच्या नोंदीसाठी केलेला तक्ता घेऊन पोलीस शेतकऱ्याला अटक करायला आले तर तलाठी काय म्हणेल?

तांबडा_रस्सा

तलाठी म्हणेल, आधी चहापाण्याचं बघा.

संपादक

वरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. गाझातल्या मृतांच्या आकड्यांवर वेगळा धागा आहे, तिकडे जा. कोणत्याही समाजाला ‘हे लोक असेच’ म्हणाल तर आयडी जाईल.

नवगावची_नात

बरेच दिवस वाचनमात्र होते. हा धागा पाहून लॉगिन केलं, पासवर्ड बदलावा लागला.

मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. ठाण्यात वाढले, आजोळ अलिबागजवळ. आमच्याकडे कामं झाली की एलियाहू हन्नबीचा (एलिया प्रेषिताचा) मलिदा करतात, पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. आजी त्याच्या आरत्या म्हटल्यासारखं मराठीत गायची. आम्हाला गावात शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून. बस, एवढाच काय तो फरक. यावर लगेच कोणी ‘बघा, भारतात ज्यूंना कधी त्रास झाला नाही’ लिहील, म्हणून आधीच सांगते, ते ऐकून आता कान किटलेत. त्रास झाला नाही हे खरं. नरिमन हाउस झालं ते बाहेरून आलेल्यांनी केलं. पण आम्ही काय तुमच्या सहिष्णुतेचं सर्टिफिकेट आहोत, वादात काढून दाखवायला?

माझा भाचा अमेरिकेत शिकतो. रंगाने माझ्यासारखा, नाव बायबलमधलं, आडनाव गावावरून ‘कर’ लागलेलं. त्याच्या अभ्यासगटात कोणीतरी विचारलं, तू नक्की कोणत्या बाजूचा? तो म्हणाला, स्टॅटिस्टिक्सच्या. हसले सगळे. पण पुढच्या आठवड्यात त्याला ग्रुपमधून काढलं होतं, कारण न सांगता. गळ्यातला तारा, ज्यूंची खूण, तो आता शर्टाच्या आत ठेवतो. आणि दुसरीकडे ज्यू विद्यार्थ्यांच्या शनिवारच्या जेवणाला गेला तर दारात त्यालाच ओळखपत्र मागितलं, बाकीच्या गोऱ्या पोरांना नाही. ही हकीकत तो फोनवर विनोद करून सांगतो. त्याची आई हसत नाही.

आता व्याख्येचं. तुम्ही सगळे व्याख्येवर एवढं भांडताय म्हणून सांगते. आमचे लोक इस्रायलला गेले तर तिथल्या मुख्य रब्बींनी (धर्मगुरूंनी) १९६२ मध्ये फतवा काढला, यांच्याशी लग्न लावण्याआधी पिढ्या तपासा. म्हणजे दोन हजार वर्षं शनिवार पाळून आम्ही ज्यू आहोत की नाही हेच ठरायचं होतं! जेरुसलेममध्ये धरणं धरलं आमच्या बायाबापड्यांनी. १९६४ च्या ऑगस्टात संसदेने ठराव केला तेव्हा कुठे पूर्ण ज्यू झालो. माझ्या मामांचं लग्न त्यात अडकलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात कोणी ‘व्याख्या’ म्हटलं की आई म्हणते, कोणाच्या हातात आहे ते आधी बघा.

जुनी_वही

नवगावची_नात, प्रतिसाद फार आवडला. एक भर : मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक होते ते जोसेफ एझिकेल राजपूरकर, तुमच्यातलेच. एकोणिसाव्या शतकात प्रार्थना मराठीत आणल्या त्यांनी. आजी कदाचित त्यातल्याच गात असेल.

हिशोबतपासनीस

आईंचं वाक्य मान्य. माझा राग विद्यापीठांवर आहे, आणि राहील. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात तंबूवाल्यांनी ज्यू विद्यार्थ्यांचा रस्ता अडवला, आणि विद्यापीठाने चालू दिलं. कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये फटकारलं, पुढच्या वर्षी ६० लाखांच्या वर डॉलर मोजून मिटवावं लागलं. हे कायद्याच्या वाटेने झालं, आणि योग्य झालं.

काठावरचा

सहमत. त्याच यूसीएलएच्या तंबूंवर ३० एप्रिलच्या रात्री बाहेरचा जमाव काठ्या घेऊन तुटून पडला आणि पोलीस काही तास बघत राहिले, हेही त्याच वहीत लिहा. आणि ते मिटवल्यानंतर, त्याच आठवड्यात, सरकारने त्यांचे ५८ कोटी रोखले. मिटवून उपयोग काय?

हार्वर्ड कोर्टात गेलं. ३ सप्टेंबरला न्यायाधीश बरोज यांनी निकाल दिला. त्यात एका दमात दोन्ही आहे : हार्वर्डमध्ये ज्यूद्वेष होता आणि विद्यापीठाने हातावर हात ठेवून बसायला नको होतं, आणि सरकारने रोखलेल्या दोन अब्जांहून जास्त अनुदानाचा ज्यूद्वेषाशी फारसा संबंध नव्हता, ज्यूद्वेषाचं नाव हा धुराचा पडदा होता. मी तो निकाल छापून बॅगेत ठेवलाय. कशासाठी माहीत नाही. एच-वन-बीवाल्याला बरोजबाई काय वाचवणार? टफ्ट्स विद्यापीठातल्या तुर्की विद्यार्थिनीला मार्चमध्ये रस्त्यावरून तोंड झाकलेल्या माणसांनी उचललं, तिने चौघांच्या नावाने कॉलेजच्या पेपरात एक लेख लिहिला होता. दीड महिना कोठडी. लेखात ज्यूंबद्दल वाईट शब्द नव्हता.

चहाटळ

मग सहावा आठवडा परत घालणार का? सप्टेंबर चालू आहे, वेळ आहे अजून.

काठावरचा

घातला नाही. अजून.

परवा तो टोपीवाला पोरगा भेटला कॅफेटेरियात. शेवटचं वर्ष. त्याच्या धाकट्या बहिणीने माझा कोर्स घेतलाय. म्हणाला, सर, तिला सांगितलंय, सहावा आठवडा चुकवू नकोस. मी कॉफीत साखर घालत राहिलो. मी साखर घेत नाही.

नवगावची_नात

त्या आठवड्यात वाचायला नेमकं काय होतं?

काठावरचा

दोन शहरं. बगदाद १९५१ : निघताना मोठ्या माणसाला पन्नास दिनार न्यायची परवानगी, बाकी मालमत्ता गोठवलेली. आणि लोद, जुलै १९४८ : कडक उन्हात गाव सोडून पूर्वेकडे चालत निघालेली माणसं. प्रत्येकी बावीस पानं.

नवगावची_नात

लोदला माझी मावशी राहते. आमचे बरेच लोक लोद-रामल्याला आहेत. तिच्या गल्लीच्या टोकाला कमानीचं जुनं दगडी घर आहे, मी दोनदा गेले तेव्हा त्याच्यासमोर रिक्षाची वाट बघतात तशी बसची वाट बघितलीय. कोणाचं ते मावशीने कधी विचारलं नाही. मीही नाही.

दोन्ही पाठवता का?

काठावरचा

पाठवतो. तुमचा ईमेल व्यनि करा. विद्यापीठाच्या आयडीवरून नाही पाठवणार, जीमेलवरून येईल.